नव्या माउंटन बाइकच्या एअर फोर्कची जुळवणी : दाब, सॅग आणि रिबाउंड यांचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी माउंटन बाइक, पुढे १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा एअर फोर्क (म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के हवेच्या दाबावर झेलणारा, जास्तीत जास्त १४० मिलिमीटर आत जाणारा दुपाखी दांडा), चालवणाऱ्याचे वजन ७६ किलो. फोर्कवरच्या तक्त्यात या वजनासाठी ७८ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाब दिला आहे आणि पंपाच्या काट्यावर तेवढा आकडा पाहून हवा भरली. तरीही दगडगोट्यांच्या उतारावर हात सुन्न होतात, फोर्कच्या नळीवरची, फोर्क किती आत गेला हे दाखवणारी रबरी ओ-रिंग ९५ मिलिमीटरच्या पुढे कधी सरकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा लावला की काटा ७० च दाखवतो. हवा गळते आहे का, दाब कमी करावा का, आणि रिबाउंड (फोर्क परत वर येण्याचा वेग) व कॉम्प्रेशन (फोर्क आत जाण्याचा वेग) यांचे नॉब किती क्लिकवर ठेवावेत, अशी विचारणा आहे.

या तिन्ही प्रश्नांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी आहे. काट्यावर दिसलेला आकडा म्हणजे फोर्कच्या आतला दाब, असे आपण धरून चालला आहात, आणि ते अनेकदा खरे नसते. फोर्कची बाकीची सगळी जुळवणी या दाबावर उभी असते. रिबाउंड किती ठेवायचा हे दाबावर ठरते, कॉम्प्रेशनची गरज आहे की नाही हे दाब आणि रिबाउंड जुळल्यावरच कळते, आणि ट्रॅव्हल पूर्ण वापरला जातो की नाही याचा विचार तर सर्वांत शेवटी करायचा असतो. पाया नक्की नसताना नॉब फिरवत बसले, तर प्रत्येक फेरीत फोर्क वेगळाच वाटतो आणि कशाने काय बदलले हे सांगता येत नाही. म्हणून उत्तर दाबापासूनच सुरू करतो आणि त्यावर जास्त वेळ घालवतो.

बहुतेक एअर फोर्कमध्ये एका पायात, म्हणजे दोन दांड्यांपैकी एकात, हवेची स्प्रिंग असते आणि दुसऱ्या पायात हालचालीचा वेग आवरणारा, तेल असलेला डँपर. हवेच्या पायात एक पिस्टन असतो. त्याच्या वरच्या कप्प्यातली हवा फोर्कला बाहेर ढकलते आणि आपले वजन पेलते. तिला पॉझिटिव्ह म्हणतात. पिस्टनच्या खालच्या छोट्या कप्प्यातली हवा फोर्कला किंचित आत ओढते. तिला निगेटिव्ह म्हणतात. हा खालचा कप्पा नसता, तर वरच्या हवेचा सगळा जोर पहिल्याच मिलिमीटरवर उभा राहिला असता आणि बारीक खडीवर फोर्क हललाच नसता. वरची आणि खालची ताकद सुरुवातीला एकमेकींना तोलतात, म्हणून फोर्क हलक्या धक्क्यालाही बसतो.

आता महत्त्वाचे असे, की आजच्या बहुतेक फोर्कमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह एकच असतो आणि तो वरच्या कप्प्यात उघडतो. खालच्या कप्प्यात हवा जाते ती नळीच्या आतल्या भिंतीवरच्या एका छोट्या खाचेतून, आणि पिस्टन त्या खाचेवरून जात असतो त्या क्षणापुरतीच. म्हणजे फोर्क स्थिर ठेवून ७८ पर्यंत पंप मारला, तर वरच्या कप्प्यात ७८ असतील, पण खालचा कप्पा जवळजवळ रिकामा राहू शकतो. अशा वेळी फोर्क सुरुवातीला कडक आणि हट्टी वाटतो, आणि ‘दाब जास्त झाला’ असे चालवणाऱ्याला वाटते. पुढे पहिल्या काही धक्क्यांत वरची हवा खाली जाते, दोन्ही कप्पे सारखे होतात आणि वरचा दाब ठरवल्यापेक्षा कमी होऊन बसतो. सकाळी कडक असलेला फोर्क अर्ध्या तासाने मऊ का वाटतो, याचे कारण अनेकदा इतकेच असते.

म्हणून हवा भरण्याची पद्धत अशी ठेवावी. शॉक पंप, म्हणजे फोर्कसाठीचा छोटा पंप, लावा. टायरचा पंप इथे चालत नाही, कारण तो एका दट्ट्यात फार हवा ढकलतो, आणि फोर्कमधल्या हवेचे आकारमान इतके कमी असते की त्याने दाब नेमका बसवता येत नाही. ठरलेल्या दाबाच्या साधारण निम्म्यापर्यंत हवा भरा आणि पंप लावलेला ठेवूनच फोर्क ट्रॅव्हलच्या पहिल्या पाव ते एक तृतीयांश भागातून दहा-एक वेळा सावकाश दाबा आणि सोडा. काटा खाली आलेला दिसेल. पुन्हा भरा, पुन्हा दाबा. ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचल्यावर फोर्क दाबून सोडल्यावरही काटा तिथेच परत येत असेल, तर दोन्ही कप्पे सारखे झाले असे समजावे. पंप लावलेला असताना फोर्क अगदी तळापर्यंत मात्र दाबू नये. त्या क्षणी दाब कित्येक पटींनी वाढतो आणि पंपाचा नाजूक काटा बिघडू शकतो. फोर्कवर लिहिलेली कमाल दाबाची मर्यादाही कधी ओलांडू नये.

हवा काढतानाही हीच काळजी उलट बाजूने घ्यावी लागते, आणि तिकडे फार थोड्यांचे लक्ष असते. व्हॉल्व्हची सुई दाबून वरची हवा झटकन सोडली, तर खालच्या कप्प्यात जुना दाब तसाच अडकून राहतो आणि तो फोर्कला आत ओढून धरतो. १४० चा फोर्क मग १२५ वरच उभा राहतो आणि फोर्क मोडला की काय अशी भीती वाटते. हवा थोडी थोडी सोडावी आणि मधूनमधून फोर्क हलवत राहावे. तरीही आत ओढला गेलाच, तर थोडी हवा भरून पुढचे चाक उचलावे आणि चाक खाली ओढून फोर्क पूर्ण लांब करावा. पिस्टन खाचेवरून गेला की हवा आपसूक सारखी होते.

आता आपल्या ७० च्या आकड्याकडे येतो. पंप काढताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो बहुतेक वेळा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. चांगल्या पंपाची टोपी फिरवताना आधी फोर्कचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि मग नळी मोकळी होते, त्यामुळे फोर्कमधून जवळजवळ काहीच जात नाही. दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा लावला की ती रिकामी नळी भरायला हवा फोर्कमधूनच येते. फोर्कचा कप्पा लहान, त्यामुळे तेवढ्याने काटा पाच ते दहा पीएसआयने खाली दिसतो. म्हणजे ७८ भरलेल्या फोर्कवर ७० दिसणे ही गळतीची खूण नाही. आपण तपासले म्हणून तो दाब कमी झाला. गळती खरोखर आहे का हे पाहायचे असेल, तर पंप न लावता आठवडाभर सॅग, म्हणजे आपल्या वजनाने फोर्क किती बसतो ते, मोजत राहावे. सॅग तेवढाच राहिला तर हवा आतच आहे. आणखी एक गोष्ट, दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दुकानातल्या पंपाचे ७८ आणि आपल्या पंपाचे ७८ यांत काही पीएसआयचा फरक सहज असतो. म्हणून एकच पंप कायम वापरावा आणि त्याच्या काट्याकडे केवळ आपल्यापुरती खूण म्हणून पाहावे.

तक्त्यातला आकडाही असाच सुरुवातीची खूण म्हणून घ्यावा. एकाच वजनाची दोन माणसे सायकलवर सारखी उभी राहत नाहीत. एकाचा भार हातांवर असतो, दुसऱ्याचा पायांवर. हँडलबारची उंची, सायकलच्या पुढच्या भागाचा कल आणि उताराची तीव्रता यांनी पुढच्या चाकावर येणारा भार बदलतो. म्हणून दाबाचा निर्णय सॅगवरून घ्यायचा असतो. आपण सायकलवर नुसते उभे राहिल्यावर फोर्क जेवढा बसतो, तो सॅग. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, चालवण्याच्या १४० मिलिमीटरच्या फोर्कला १५ ते २५ टक्के, म्हणजे २१ ते ३५ मिलिमीटर ही वाजवी मर्यादा आहे. सपाट आणि चढाच्या वाटांवर वेगाला महत्त्व देणारे १५ टक्क्यांकडे झुकतात, तीव्र उतारांवर मोठ्या ट्रॅव्हलचे फोर्क वापरणारे २५ टक्क्यांकडे. आपल्याला मी २० टक्क्यांपासून, म्हणजे २८ मिलिमीटरपासून सुरुवात करायला सांगेन.

सॅग मोजण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे पुढच्या टायरमधला दाब. नव्या सायकलचे टायर पुष्कळदा गरजेपेक्षा खूप जास्त फुगवून दिलेले असतात. आपल्या वजनाला आणि रुंद ट्यूबलेस टायरला पुढे २० ते २५ पीएसआय पुरतात. तिथे ३५-४० असतील, तर हात सुन्न होण्याचा बराचसा दोष फोर्कचा नसून टायरचा आहे. दुसरी गोष्ट, कॉम्प्रेशनचा किंवा लॉकआउटचा (फोर्कची हालचाल अडवणारा) नॉब पूर्ण उघडा असावा. हे सांगण्याचे कारण असे, की अर्धवट बंद लॉकआउटवर सॅग मोजून दाब कमी करत गेलेली माणसे मी अनेकदा पाहिली आहेत.

मोजताना नेहमीची पूर्ण तयारी अंगावर असावी : हेल्मेट, बूट, पाणी भरलेली पिशवी, जे काही घेऊन आपण प्रत्यक्ष निघता ते सगळे. सीटवर बसून मोजलेला सॅग फोर्कसाठी उपयोगाचा नाही, कारण बसल्यावर भार मागच्या चाकावर जातो. दोन्ही पेडल आडवी ठेवून उभे राहा, कोपर आणि गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर, उतारावर आपण जसे उभे राहता तसेच. कोणाला तरी सीट किंवा मागचे चाक धरायला सांगा. आधी दोन-तीन वेळा फोर्क दाबून नळीभोवतीच्या रबरी सीलचा चिकटपणा मोडा, मग स्थिर उभे राहा, आणि मदतीला असलेल्याने ओ-रिंग सीलला टेकवल्यावर धक्का न देता हळूच उतरा. हे तीन वेळा करून मधला आकडा धरा. एकट्याने करायचे असेल, तर भिंतीला कोपर टेकवून करता येते, फक्त भिंतीवर भार जाऊ देऊ नये. ओ-रिंग नसेल, तर नळीभोवती बारीक प्लास्टिकची पट्टी सैलसर बांधून काम भागते. मोजून झाल्यावर ती काढून टाकावी.

सॅग ३३ मिलिमीटर आला तर पाच पीएसआय वाढवा, २२ आला तर पाच कमी करा, आणि प्रत्येक वेळी फोर्क हलवून दोन्ही कप्पे सारखे करून पुन्हा मोजा. या टप्प्यावर एक मिलिमीटरच्या मागे लागू नये. सॅग आपल्याला योग्य वस्तीत आणून सोडतो; नेमके घर ट्रेलवरच शोधावे लागते.

आता रिबाउंड. बसलेला फोर्क किती वेगाने परत येतो, हे लाल रंगाच्या नॉबने ठरवायचे असते; तो बहुतेक फोर्कमध्ये उजव्या पायाच्या तळाशी असतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला, म्हणजे बंद केला, की परतीचा वेग कमी होतो. क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजावेत, कारण आपण कोठून मोजले हे न सांगता ‘आठ क्लिक’ म्हणण्याला अर्थ राहत नाही. टोकाला पोहोचल्यावर नॉबवर जोर लावू नये. दाब जितका जास्त तितकी हवा फोर्कला जोराने परत ढकलते, म्हणून वजनदार माणसाला रिबाउंड जास्त बंद ठेवावा लागतो आणि हलक्या माणसाला जास्त उघडा. याच कारणाने दाब ठरल्याशिवाय रिबाउंडला हात लावू नये, आणि पुढे दाब दहाएक पीएसआयने बदलला तर रिबाउंडही पुन्हा पाहावा. निर्मात्याच्या तक्त्यात दाबासमोर क्लिकची शिफारस दिलेली असते. ती नसेल तर मधोमध सुरुवात करावी.

सपाटीवर पहिली पारख अशी करता येते. सायकलच्या शेजारी उभे राहून हँडलबारवर पूर्ण भार टाकून फोर्क दाबा आणि हात झटकन सैल करा. चाक जमिनीवरून उडाले तर रिबाउंड फार मोकळा आहे. फोर्क विचार करत करत वर येतोय असे डोळ्यांना दिसले, तर फार बंद आहे. फोर्क वेगाने वर येऊन एकदाच थांबावा. यानंतर वीतभर उंचीच्या पायरीवरून उभ्याने सायकल खाली उतरवा; फोर्क बसून परत आल्यावर वरखाली डोलत राहू नये.

खरी पारख मात्र ओळीने येणाऱ्या धक्क्यांवर होते, आणि आपल्या तक्रारीचा उलगडा बहुधा इथेच आहे. रिबाउंड फार बंद असेल, तर पहिल्या दगडावर बसलेला फोर्क पूर्ण वर येण्याआधीच दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि फोर्क पायरी पायरीने खाली खाली बसत जातो. पाचव्या-सहाव्या धक्क्याला तो ट्रॅव्हलच्या खोल भागात अडकलेला असतो, जिथे हवा आधीच दाबलेली आणि कडक असते. हाताला जाणवते ते ‘फोर्क कडक आहे’ असे, आणि सगळे जण पहिली गोष्ट करतात ती दाब कमी करण्याची, ज्याने फोर्क आणखी खाली बसतो. ओ-रिंग इथे पूर्ण गोष्ट सांगत नाही, कारण ती फक्त सर्वांत खोल क्षण दाखवते. फोर्क तिथे एकदा गेला की कायम तिथल्या आसपास रेंगाळला, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी एखाद्याला वाटेच्या कडेला उभे करून फोनवर संथगतीत चित्रण करून घ्यावे. धक्क्यांच्या मधल्या क्षणी फोर्क सॅगच्या उंचीपर्यंत परत येतो का, एवढेच त्यात पाहायचे. येत नसेल तर रिबाउंड दोन क्लिक उघडा आणि तीच वाट, त्याच वेगाने पुन्हा चालवा. उलट बाजूला रिबाउंड फार मोकळा असेल, तर हँडलबार हातांना वर फेकतो, वळणावर पुढचे चाक पकड सोडून बाजूला सरकते आणि मनगटे लवकर थकतात. माझा कल नेहमी थोड्या मोकळ्या बाजूचा असतो. चाक जमिनीला चिकटून राहील इतका वेगवान, पण उडणार नाही इतपत आवरलेला.

एकावेळी एकच गोष्ट बदलावी आणि वाट तीच ठेवावी. दोन-तीन मिनिटांची, थोडे दगड, एखादे वळण आणि एखादी ब्रेक लावावी लागणारी उतरण असलेली वाट निवडून तिच्यावरच सगळ्या चाचण्या कराव्यात, आणि प्रत्येक फेरीनंतर दाब, सॅग, क्लिक आणि ओ-रिंगची जागा वहीत लिहावी. आठवणीवर विसंबून केलेली जुळवणी महिनाभरात हरवते.

कॉम्प्रेशनबद्दल थोडक्यात. हा नॉब वरच्या टोकाला, बहुधा निळा असतो, आणि फोर्क आत जाण्याचा वेग आवरतो. काही फोर्कमध्ये त्याचे दोन भाग असतात, लो-स्पीड आणि हाय-स्पीड. इथला वेग सायकलचा धरू नये. तो फोर्क आत जाण्याचा वेग आहे. ब्रेक लावल्यावर पुढचा भाग झुकणे, पेडल मारताना डोलणे या सावकाश हालचाली लो-स्पीडमध्ये येतात. टोकदार दगडावरचा झटका हाय-स्पीडमध्ये, मग सायकल कितीही हळू असो. दोन्ही पूर्ण उघडे ठेवून सुरुवात करा. दाब आणि रिबाउंड बरोबर असूनही ब्रेक लावताना पुढचा भाग फार बुडत असेल, तर लो-स्पीड एकेक क्लिक वाढवा. हात सुन्न होण्याची तक्रार असताना हाय-स्पीड कॉम्प्रेशन वाढवण्याचे कोणतेही कारण नाही.

आता ९५ मिलिमीटरवर थांबणाऱ्या ओ-रिंगकडे. पूर्ण ट्रॅव्हल प्रत्येक फेरीत वापरला गेलाच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. आपल्या वाटेवरचा सर्वांत मोठा धक्का, एखादी उडी किंवा खोल खड्डा, यावर फोर्क तळाच्या जवळ पोहोचला तर पुरे. एरवी थोडा ट्रॅव्हल शिल्लक राहणेच चांगले. पण मोठ्या धक्क्यालाही १४० पैकी ४५ मिलिमीटर कायम कोरेच राहत असतील, तर आतल्या स्पेसरकडे पाहावे. हे प्लास्टिकचे छोटे तुकडे वरच्या कप्प्यात बसवून हवेची जागा कमी करतात, आणि त्यांना काही निर्माते टोकन म्हणतात. त्यांचा परिणाम शेवटच्या भागातच का दिसतो, हे साध्या हिशेबाने समजते. समजा, वरच्या कप्प्यात हवेचा स्तंभ २०० मिलिमीटर लांबीचा आहे. फोर्क १४० आत गेल्यावर ६० उरतो, म्हणजे हवा साधारण ३.३ पट दाबली गेली. आता १० मिलिमीटर जागा व्यापणारा एक स्पेसर टाकला, तर १९० चे ५० होतात, म्हणजे ३.८ पट, शेवटी सुमारे १४ टक्के जास्त. पण सॅगच्या जागी, २८ मिलिमीटरवर, २०० चे १७२ आणि १९० चे १६२ या दोन गुणोत्तरांत एक टक्क्याचाही फरक नाही. वेगाने दाबताना हवा तापते आणि प्रत्यक्ष आकडे याहून थोडे चढे येतात, पण चित्र तेच राहते. म्हणजे दाब वाढवला की सुरुवात, मध्य आणि शेवट सगळेच कडक होतात. स्पेसर टाकला की मुख्यतः शेवट कडक होतो. आपला सॅग योग्य असून ट्रॅव्हल शिल्लक राहत असेल, तर दाब न छेडता एक स्पेसर काढावा. उलट एखाद्याचा फोर्क योग्य सॅगवरही वरचेवर तळाला आदळत असेल, तर त्याने एक वाढवावा.

स्पेसर बदलण्यासाठी वरचे झाकण उघडावे लागते, आणि त्याआधी सगळी हवा पूर्ण काढणे सक्तीचे आहे. थोडा जरी दाब आत राहिला, तरी झाकण गोळीसारखे सुटून डोळ्याला किंवा चेहऱ्याला गंभीर इजा करू शकते. झाकणाच्या कडा पातळ असतात. सहा बाजूंचा, तोंड सपाट असलेला सॉकेटच वापरावा, आणि बंद करताना निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोराच्या मापावर) थांबावे.

तरीही माझा आग्रह आहे, की स्पेसरला पहिल्या आठवड्यात हात लावू नये. नवा फोर्क खरोखर घट्ट असतो. आतल्या बुश (ज्यांवर नळी सरकते त्या कड्या) आणि सील यांची घर्षणे पहिल्या दहा ते वीस तासांच्या वापरात कमी होतात, आणि त्याच दाबावर सॅग दोन-तीन मिलिमीटरने वाढलेला आढळतो. सायकल महिनोन्‌महिने खोक्यात राहिलेली असेल, तर सीलखालच्या फोमच्या कड्याही कोरड्या पडलेल्या असतात. सायकल रात्रभर उलटी ठेवल्याने खालच्या भागातले थोडे वंगणतेल त्या कड्यांपर्यंत पोहोचते. डिस्क ब्रेक द्रवाचे असतील, तर नंतर लिव्हर काही वेळा दाबून त्यांचा टणकपणा तपासल्याशिवाय निघू नये. तेल मुळातच कमी असेल, तर मात्र या उपायाने भागत नाही. माझ्याकडे एकदा अगदी नवा फोर्क आला होता, ज्याच्या मालकाने दोन महिने दाब वरखाली करण्यात घालवले होते. खालचा भाग उतरवून पाहिल्यावर एका पायात जेमतेम चमचाभर तेल निघाले. ठरलेल्या मापाने तेल घालून तोच फोर्क, त्याच दाबावर, पहिल्याच फेरीत मोकळा चालला. पुढेही खालच्या भागाची सफाई आणि तेल बदलणे हेच फोर्कच्या मऊपणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या अनेक फोर्कसाठी ते ५० तासांच्या वापरानंतर करायला सांगते.

हवामान आणि उंची यांचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि हवेची स्प्रिंग निवडताना आपण तो स्वीकारलेलाच असतो. २० अंश तापमानाला भरलेले ८० पीएसआय ४० अंशांच्या उन्हात साधारण ८६ होतात आणि ५ अंशांच्या थंडीत ७५. थंडीत डँपरचे तेलही जाड होते, त्यामुळे रिबाउंड मंदावतो. दाब आणि क्लिक वहीत लिहिताना त्यांच्याशेजारी तापमानही लिहावे. उंचीचा परिणाम दुसऱ्या जागी जास्त जाणवतो. फोर्कच्या खालच्या भागात, स्प्रिंगशी संबंध नसलेली, साधी वातावरणाच्या दाबाची हवा अडकलेली असते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो आणि ३,००० मीटर उंचीवर सुमारे १० उरतो. खाली जुळवलेला फोर्क डोंगरावर नेला, की ही अडकलेली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाची ठरते आणि फोर्कच्या शेवटच्या भागात आपल्याला नको असलेला कडकपणा येतो. फॉक्स कंपनीच्या ३६ व ३८ आणि रॉकशॉक्सच्या लिरिक व झेब या फोर्कच्या अलीकडच्या काही आवृत्त्यांमध्ये ही हवा सोडण्यासाठी खालच्या पायांच्या मागच्या बाजूला छोटी बटणे दिली आहेत. पुढचे चाक उचलून फोर्क पूर्ण लांब असताना ती दाबावीत. ज्या फोर्कला अशी बटणे नाहीत, त्याच्या सीलखाली पट्ट्या किंवा टोकदार वस्तू घालण्याचा मोह टाळावा. एक ओरखडा पडला तर सील आणि नळी दोन्ही जातात.

आपल्या फोर्कसाठी म्हणून मी आजच पुढचा क्रम सुचवेन. टायर २३ पीएसआयवर आणा. कॉम्प्रेशन पूर्ण उघडा. वर सांगितल्याप्रमाणे फोर्क हलवत हलवत ७८ पर्यंत हवा भरा आणि उभ्याने सॅग मोजा. तो २५ ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर दाबाला पुढचे दहा तास हात लावू नका. रिबाउंड सध्या कितीवर आहे हे बंद बाजूपासून मोजून लिहून ठेवा, दोन क्लिक उघडा आणि त्याच दगडांच्या उतारावर तीन फेऱ्या मारा. हाताला आराम वाटला तर आणखी एक क्लिक उघडून पाहा आणि जिथे हँडलबार उडायला लागेल तिथून एक क्लिक मागे या. दहा तासांनंतर सॅग पुन्हा मोजा, गरज असेल तर दोन-तीन पीएसआय भरा, आणि तेव्हाही मोठ्या धक्क्याला ओ-रिंग ११० च्या पुढे जात नसेल, तरच स्पेसर किती आहेत ते पाहा. त्यातला एक काढूनही फरक पडला नाही, किंवा हवा बरोबर असताना फोर्क पूर्ण १४० मिलिमीटर वर येत नाही असे दिसले, तर तो स्वतः उघडू नका. वहीतले आकडे घेऊन वॉरंटीच्या मुदतीतच अधिकृत सेवा केंद्राकडे जा. कोणत्या दाबाला किती सॅग आणि किती ट्रॅव्हल मिळाला हे लिहिलेले असेल, तर तिथल्या कारागिराला दोष हवेच्या पायात आहे की डँपरच्या, हे ठरवायला सोपे जाते.